कुत्रा आधाराचा, हक्क कुणाचा?

विद्यार्थी मित्रांनो, 'माझा आवडता प्राणी – कुत्रा' हा निबंध आपण प्राथमिक शाळेपासून लिहीत आलो आहोत. कुत्रा इमानी असतो, घराची राखण करतो, मालकाला पाहून शेपूट हलवतो, वगैरे वगैरे. पण हाच कुत्रा आज एका गंभीर वैचारिक निबंधाचा विषय झाला आहे. माणसाबरोबर त्याच्या कुत्र्यालाही विमानात, हॉटेलात, दुकानात प्रवेश मिळावा का? आणि मिळावा, तर कोणत्या कुत्र्याला? या प्रश्नावर सर्वात जास्त वाद झाला तो अमेरिकेत. म्हणून आधी तिथे काय घडलं ते समजून घेऊ.

सुरुवात झाली ती अंध माणसांपासून. पहिल्या महायुद्धात कित्येक जर्मन सैनिकांची दृष्टी गेली. त्यांना वाट दाखवण्यासाठी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे कुत्र्यांना शिकवणारी शाळा निघाली. पुढे मॉरिस फ्रँक नावाचा अमेरिकेतला एक अंध तरुण १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला गेला आणि 'बडी' नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला. १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था सुरू झाली. पण कुत्रा मिळाला म्हणून सगळे दरवाजे आपोआप उघडले नाहीत. "माणूस चालेल, कुत्रा नाही," हे वाक्य अंध माणसांनी रेल्वेत, हॉटेलात, दुकानात वर्षानुवर्षं ऐकलं. त्याविरुद्ध ते झगडले, तेव्हा कुठे कायदे झाले. विमान प्रवासासाठी १९८६ चा कायदा आला आणि सार्वजनिक जागांसाठी १९९० चा अपंग व्यक्तींचा कायदा आला. हा हक्क कुणी सहज दिलेला नाही, हे आधी लक्षात घ्या.

आता 'इमोशनल सपोर्ट ॲनिमल' म्हणजे काय? तर ज्याच्या नुसत्या सोबतीने मनाला धीर येतो, असा प्राणी. त्याला वेगळं काही शिकवलेलं नसतं. 'सर्व्हिस डॉग' वेगळा. तो अंध माणसाला रस्ता ओलांडून देतो, कर्णबधिर माणसाला दारावरची बेल वाजल्याचं कळवतो, मधुमेही माणसाची साखर उतरली की सावध करतो. मनाच्या आजारासाठीही असे शिकवलेले कुत्रे असतात. युद्धावरून परतलेला सैनिक रात्री दुःस्वप्नाने घाबरला, की कुत्रा त्याला जागं करतो. म्हणजे फरक शरीराचा आजार आणि मनाचा आजार असा नाहीच. एक कुत्रा सोबत करतो आणि दुसरा काम करतो, हा खरा फरक आहे. सार्वजनिक जागांचा कायदा हा फरक पहिल्यापासून मानतो.

विमानात मात्र भावनिक आधाराच्या प्राण्यालाही बरीच वर्षं मोफत प्रवेश होता. मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाचं एक पत्र दाखवलं की काम व्हायचं. एरवी पाळीव कुत्र्याला केबिनमध्ये न्यायचं तर एका बाजूच्या प्रवासाला तेव्हा साधारण शंभर-सव्वाशे डॉलर मोजावे लागत. मग व्हायचं तेच झालं! पैसे घेऊन ऑनलाइन पत्र देणारी दुकानं निघाली, कुत्र्याच्या अंगावर घालायचं जाकीट बाजारात मिळू लागलं. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. तिथे लोकांनी मुळासकट खाल्ला.

जून २०१७ मध्ये अटलांटाच्या विमानतळावर सॅन दिएगोला निघालेल्या विमानात खिडकीजवळ बसलेल्या प्रवाशाच्या तोंडाचा शेजारच्या प्रवाशाच्या 'आधाराच्या' कुत्र्याने चावा घेतला. तोंडावर टाके घालावे लागले. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आली आणि कंपनीने तिला नकार दिला. त्याच महिन्यात डेल्टा कंपनीने सांगितलं, की रोज जवळजवळ ७०० सेवेचे आणि आधाराचे प्राणी आपल्या विमानांतून जातात आणि चावणं, घाण करणं अशा घटना २०१६ पासून ८४ टक्क्यांनी वाढल्या आहेत. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने नियम बदलला आणि ११ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. आता सेवेचा प्राणी म्हणजे फक्त कुत्रा, तोही विशिष्ट काम शिकलेला. भावनिक आधाराच्या प्राण्याला कंपनी साधा पाळीव प्राणी मानू शकते.

माझ्या मते हा निर्णय योग्यच आहे. का, ते सांगतो.

पहिलं कारण, खोट्यामुळे खऱ्याचं नुकसान होतं. जाकीट घातलेला एखादा कुत्रा दुकानात भुंकला, कुणाच्या अंगावर धावला, की दुकानदार पुढच्या प्रत्येक कुत्र्याकडे संशयाने बघतो. तो पुढचा कुत्रा अंध माणसाचा असतो! सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. शिवाय न शिकवलेला कुत्रा गाईड डॉगवर धावून गेला, तर तो शिकलेला कुत्रा बिथरतो आणि मालकाची वाटच बंद होते.

दुसरं, विमान ही बंद जागा आहे. एस.टी.त त्रास झाला तर पुढच्या स्टॉपवर उतरता येतं, विमानातून कुठे उतरणार? कुणाला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी असते, कुणाला लहानपणापासून भीती असते. त्यांचंही मन आहेच ना? एकाला धीर मिळावा म्हणून दुसऱ्याचा धीर सुटावा, हा न्याय नव्हे.

आता विरुद्ध बाजू बघू, कारण वैचारिक निबंधात ती टाळायची नसते. ज्याला खरोखर नैराश्य आहे, गर्दीत ज्याचा श्वास कोंडतो, त्याने काय करायचं? फसवलं दुसऱ्यांनी आणि शिक्षा याला, हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं झालं. शिवाय संस्थेकडून शिकवलेला कुत्रा मिळणं महाग असतं, त्याला वेळही लागतो. हा मुद्दा मला खरंच वजनदार वाटतो. पण याचं उत्तर त्याच नियमात आहे. मनाच्या आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्याला गाईड डॉगइतकाच हक्क मिळाला आहे आणि तो कुत्रा संस्थेतच शिकला पाहिजे अशी अट नाही. मालक स्वतः शिकवू शकतो. घाबरगुंडी उडायच्या आधी ती ओळखून कुत्रा ठरावीक कृती करायला शिकला, की तो सर्व्हिस डॉग. म्हणजे दार बंद केलेलं नाही, दारावर एक रास्त अट ठेवली आहे. हां, ज्याच्याकडे कुत्र्याला शिकवण्याचीही ताकद नाही, त्याची अडचण उरतेच. त्याच्यासाठी पाळीव प्राण्याचं भाडं कमी ठेवावं, असं मला वाटतं.

आपल्याकडे काय? भारतात 'इमोशनल सपोर्ट' असा वेगळा कायदेशीर वर्ग नाही. काही विमान कंपन्या लहान पाळीव प्राणी केबिनमध्ये नेऊ देतात. रेल्वेत फर्स्ट क्लासचा आख्खा कूपे घेतला तर कुत्रा सोबत नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यात. उद्या आपल्याकडेही ही मागणी जोर धरेल. तेव्हा जाकीट आणि पत्र यांवर विसंबून चालणार नाही. कुत्रा काय काम करतो आणि चारचौघांत कसा वागतो, हे दोनच प्रश्न विचारावेत. आणि आधी पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला आपला फूटपाथ मोकळा करून द्यावा, ते जास्त गरजेचं आहे.

सवलत ही विहिरीच्या पाण्यासारखी असते. ज्याला तहान आहे त्याने जरूर प्यावं, पण तहान नसताना घागरी भरून नेल्या तर खरा तहानलेला कोरडा राहतो. कुत्रा बिचारा इमानीच आहे. इमान दाखवायची पाळी आता माणसाची आहे.

मित्रांनो, तुमचं मत याहून वेगळं असेल तर अवश्य लिहा. मात्र मताबरोबर कारणही लिहा.