भाव उतरले, यादी उतरेना

महिनाअखेरचा रविवार आला की आमच्या घरी वाण्याची यादी निघते. पाठकोरा कागद आणि ठरलेला क्रम: आधी तांदूळ, मग डाळी, मग तेल-तूप, साखर-चहा, आणि शेवटी साबण, काड्यापेटी, उदबत्ती. सियागंजातून सामान आले की बिलाचा आकडा मागल्या महिन्याशी ताडून पाहायचा, हा इंदूरच्या कितीतरी जुन्या मराठी घरांचा रिवाज अजून टिकून आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा रिवाज पाळताना पुष्कळांना कोडे पडले. वर्तमानपत्रांत बातमी होती की, ऑक्टोबरचा किरकोळ महागाईचा दर शेकडा ०.२५ वर आला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून काढलेल्या मालिकेत इतका खाली तो कधीच गेला नव्हता. खाद्यपदार्थ तर आदल्या वर्षापेक्षा शेकडा ५.०२ नी स्वस्त झाले म्हणे. हातातले बिल मात्र जिथल्या तिथे.

अशा वेळी सरकारी आकडे खोटे ठरवून मोकळे होणे सोपे असते. वस्तुतः त्या महिन्यात आकडाही खरा होता आणि बिलही. आकडा वर्षापूर्वीच्या भावाशी तुलना करतो, आणि वर्षापूर्वीचा, म्हणजे ऑक्टोबर २०२४ चा भाव स्वतःच चढलेला होता. त्या महिन्यात खाद्यपदार्थ शेकडा १०.८७ नी महागले होते; भाज्या तर शेकडा ४२ नी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्याला शंभर रुपये पडत, त्याला वर्षाने १११ च्या जवळ पडू लागले आणि आणखी वर्षाने १०५. शिखरावरून चार पायऱ्या उतरलेला मनुष्य पायथ्याशी पोचलेला नसतो, एवढाच या बातमीचा अर्थ.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती आमच्या यादीच्या रचनेतच दडलेली आहे. २०२५ मध्ये खरोखर स्वस्त झाले ते कांदे, बटाटे आणि टोमॅटो. पण हे जिन्नस वाण्याच्या यादीत असतात कोठे? ते गाडीवाल्याकडून, सुट्या पैशांनी, रोजच्या रोज घेतले जातात आणि त्यांचा हिशेब कोणीही लिहीत नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडले तेव्हा गाडीवाल्याशी घातलेली हुज्जत घरोघर आठवते. तेच टोमॅटो उतरले तेव्हा वाचलेले चाळीस रुपये कोणत्या खिशात गेले, हे कोणाला सांगता येत नाही. डाळीही उतरल्या आणि त्या यादीत असतात, हे मान्य. परंतु डाळींनी जे दिले, ते त्याच यादीतल्या तेलाने काढून घेतले.

तेलाची गोष्ट तर माळव्यातल्या माणसाने विशेष लक्षात घ्यावी. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. १४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील आयात जकात, अधिभार धरून, शेकडा साडेपाचावरून साडेसत्तावीसवर नेली. हेतू चांगला होता: परदेशी तेल महागले म्हणजे इथल्या सोयाबीनला भाव मिळेल. ऐन दिवाळीच्या तोंडावर तेल चढले. ३० मे २०२५ ला तीच जकात साडेसोळावर आणली गेली, तरी भाव जुन्या जागी परतले नाहीत; कारण मधल्या काळात परदेशच्या बाजारातही तेल तेजीत होते.

आणि ज्याच्यासाठी हे सारे केले, त्या सोयाबीनचे काय झाले? २०२५ च्या खरिपासाठी हमीभाव ठरला क्विंटलला ५,३२८ रुपये. प्रत्यक्षात माळव्याच्या मंड्यांत माल त्याच्या बराच खाली विकला गेला, इतका की राज्य सरकारला भावांतर योजना काढून फरक भरून द्यावा लागला. तेल महाग आणि तेलबी स्वस्त, हे कसे? क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते सुमारे अठरा किलो. उरलेली बहुतेक पेंड. त्यामुळे दाण्याचा भाव तेलापेक्षा पेंडीच्या मागणीवर अधिक झुलतो, आणि इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्तात मिळू लागल्यापासून पेंडीला उठाव राहिला नाही. शेतकऱ्याच्या हाती कमी आले आणि त्याच शिवारापासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या गृहिणीने डब्याला जास्त मोजले. जकात हे एकच हत्यार दोन्ही कामांना पुरत नाही, हे या एका वर्षात स्पष्ट झाले.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकघराकडे वळू. क्रिसिल ही संस्था दरमहा घरी शिजवलेल्या थाळीचा खर्च काढते. पोळी, भाजी, भात, डाळ, दही आणि कोशिंबीर अशी ही साधी शाकाहारी थाळी ऑक्टोबर २०२४ मध्ये ३३.३० रुपयांना पडत होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये २७.८० ला पडली. तेल आणि गॅस चढले नसते तर ती आणखी उतरती, असेही त्या संस्थेने नमूद केले होते. (घरगुती सिलिंडर ८ एप्रिल २०२५ ला पन्नास रुपयांनी वाढला, हे वाचकांना आठवत असेल.) चार माणसे, दोन वेळा, तीस दिवस असा गुणाकार केला तर महिन्याचे ६,६७२ रुपये होतात. भाजी, दही, गॅस सारे धरून!

ज्या ज्या घरी आम्ही हा आकडा सांगितला, तेथे तेथे हसे झाले. हसण्याचे कारण असे की, त्या थाळीत सकाळचा चहा नाही. पोहे नाहीत, त्यावरची शेव नाही, जिरावन नाही. मुलांचे दूध नाही, पोळीवरचे तूप नाही, फळ नाही, एकादशीचा साबुदाणा नाही, पाहुणा नाही, आणि गौरी-गणपती तर नाहीतच. म्हणजे दोन वेळच्या जेवणाने घर खर्चात जात नाही. जाते ते दोन जेवणांच्या मध्ये. देशाच्या पाहणीतही हेच दिसते. २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा शेकडा ३९.६८ होता, आणि त्यात सर्वांत मोठा भाग, ११.०९, पेये, फराळाचे आणि तयार पदार्थ यांचा. धान्याचा वाटा शेकडा पाचाच्या आत आला आहे. १९९९-२००० मध्ये तो बाराच्या वर होता. आजोबांच्या काळची गृहिणी धान्यावर नजर ठेवून संसार सावरी, कारण पैसा तेथेच जात असे. आज आपण तांदळाच्या किलोमागे दोन रुपये वाचवण्यासाठी दुकान बदलतो आणि त्याच पिशवीत बिस्किटांचे चार पुडे सहज टाकतो.

येथे एका गैरसमजाची दखल घ्यावीशी वाटते. प्रकृतीसाठी म्हणा, काटकसरीसाठी म्हणा, पुष्कळ घरांनी अलीकडे सर्व जेवणे घरीच करण्याचे ठरवले. ज्या गावात रात्री सराफ्याच्या पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू तळायला लागतात, त्या गावात हा निश्चय सोपा नव्हे. तो पाळणाऱ्यांची तक्रार अशी की, किराणा दीडपट झाला, मग काय साधले? अहो, होणारच! कचेरीतला डबा, कॉलेजच्या उपाहारगृहातला नाश्ता, रविवारचे छप्पन दुकान हे सारे आधी ज्याच्या त्याच्या खिशातून जात होते. आता ते एका यादीत आले. तुलना करायची तर जुनी यादी अधिक जुने चार खिसे यांच्याशी करावी. एरवी काटकसर करणाऱ्यालाच उधळपट्टीचा ठपका येतो, आणि तो बहुधा यादी लिहिणारीवर येतो.

खरेदीची रीतही पालटली आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला छावणीच्या धान्यमंडीतून वर्षाचा गहू आणायचा, ऊन दाखवायचे, एरंडेल चोळून कोठीत भरायचा, हे दृश्य आता वाड्यांबरोबर दुर्मिळ झाले. चौघांच्या घराला दिवसाला आठशे ग्रॅम कणीक धरली तर वर्षाला तीन क्विंटलच्या आसपास गहू लागतो. तो सदनिकेत ठेवायचा कोठे? म्हणून पाच किलोची पिशवी येते, तीही फोनवर बोट ठेवताच दहा मिनिटांत. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या बांधीव, छापील पिशवीतल्या गव्हा-तांदळावर आणि पिठावर शेकडा पाच वस्तू व सेवा कर लागू झाला. सुट्या मालावर तो नाही. वर्षाचा गहू भरणारा हा कर आणि पिशवीची किंमत दोन्ही टाळतो. जागा असेल त्याने गहू अवश्य भरावा. पण साठवणीचे हे शास्त्र सरसकट लावू नये. डाळ बेताने घ्यावी. कीड लागली तर नफा किड्यांचा. आणि तेलाचा पंधरा किलोचा डबा घरात आला की कढईतली धार जाड होते, हा आमचा स्वानुभव आहे.

पिशव्यांतही एक गोम आहे. लिटरभर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. त्याच्या शेजारी तशाच दिसणाऱ्या पुड्यात कधी ८५० ग्रॅम असतात, कधी ७५०. हल्ली पुड्यावर दर ग्रॅमचा वा किलोचा भाव छापावा लागतो. तो बारीक अक्षरांत असतो, पण चष्मा लावून वाचण्याजोगा आहे. आम्ही तर असे सुचवू की, यादीत तेल, साखर आणि तूप यांच्यापुढे रुपयांच्या आधी वजन लिहावे. रुपये बाजाराच्या हाती आहेत. वजन वाढले असेल तर मात्र ते आपणच वाढवले आहे.

राहता राहिला एक खर्च, जो कोणत्याच यादीत नसतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुरडया, पापड हे घरी केले की पुड्यापेक्षा स्वस्त पडतात, असे आपण अभिमानाने सांगतो. ते स्वस्त पडतात कारण वैशाखातल्या ज्या दुपारी त्यात जातात त्यांची किंमत शून्य धरलेली असते. २०२४ सालच्या वेळेच्या सरकारी पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवतात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची मिनिटे ८८. थाळीच्या २७.८० रुपयांत ही मिनिटे नाहीत. सर्व जेवणे घरी करण्याचा निर्णय जेवणाच्या टेबलाशी चौघांनी घेतला, तरी त्याची अंमलबजावणी ओट्याशी एकटीच करते. आणि तिला नोकरी असेल तर पोळ्या करायला बाई लागतात. त्यांचा पगार आपण ‘वरखर्च’ म्हणून वेगळ्या वहीत लिहितो. तो जेवणाचाच खर्च आहे. हॉटेलच्या भावाशी घरच्या थाळीची तुलना करताना तो वगळणे म्हणजे तराजूच्या एका पारड्याखाली बोट ठेवणे होय.

आमच्या घरी गेल्या रविवारपासून तो पगार यादीत सर्वांत वर, तांदळाच्याही आधी, लिहायला सुरुवात केली आहे. बेरीज अर्थात फुगली. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा प्रकार पसंत नाही. माणसाचा पगार वाणसामानात कसा लिहिता, असे त्यांचे म्हणणे. त्यावर दोन दिवस वाद चालला. मग धाकट्याने विचारले की दादाच्या आणि माझ्या वाट्याच्या पोळ्या आम्ही लाटल्या तर हा आकडा किती कमी होईल. ते गणित अजून पुरे झालेले नाही.