चाकाचा आऊट आणि मुलीची शाळा

शेजारच्या आठवीतल्या मुलीची सायकल महिनाभर भिंतीला टेकून होती. पुढचं चाक वाकडं, चार आरे तुटलेले. दुकानदार म्हणाला, "ताई, चाकच नवीन टाका." तेवढे पैसे घरात नव्हते, शाळा चार किलोमीटरवर. 'आता पुरे झाली शाळा' अशी कुजबुजही सुरू झाली.

मग मीच शिकायचं ठरवलं. हब आणि रिम धड होते. जुना आरा नमुन्याला नेऊन त्याच मापाचे चार आणले, निपल फिरवायचा छोटा पाना घेतला. टायर-ट्यूब काढून आरे बसवले. सायकल उलटी करून रिमजवळ खडू स्थिर धरला, चाक फिरवलं. खडू घासेल तिथले त्या बाजूचे आरे थोडे सैल करायचे, पलीकडच्या बाजूचे घट्ट. एका वेळी पाव फेराच. पहिल्या दिवशी घाईत चाक आणखी वाकडं झालं! तिसऱ्या दिवशी आऊट गेला.

मैत्रिणींनो, मुलींना सायकली वाटल्या जातात, फोटो निघतात. पाना मात्र कुणी हातात देत नाही. शिलाई मशीन आपण घरीच खोलतो ना? मग आपल्या बचत गटात एक पानाही असू द्या. परवा त्या मुलीने मैत्रिणीचं चाक स्वतःच सरळ केलं.