पगार चालू ठेवून वाचा-उपचार शिकता येईल?

रायपूरच्या बुढापाऱ्यातले मराठी मूल दिवसभरात तीन-चार भाषांतून वावरते. घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी, वर्गात हिंदी आणि दप्तरात हल्ली बहुधा इंग्रजी पुस्तके. मातृभाषा मराठी असून 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा याच वस्तीत आहे, तेव्हा या मिसळीचे कौतुक इथे नवे नाही. पण सहा वर्षांचे मूल वाक्य जुळवताना अडत असेल, तर त्याला खरोखर भाषादोष आहे की नव्या भाषेशी ओळख व्हायची आहे, हा प्रश्न सर्वांत आधी वर्गशिक्षिकेपुढे येतो. उत्तर देण्याचे शिक्षण मात्र तिच्याकडे नसते.

हे उत्तर अंदाजाने देण्यासारखे नाही. अनेक भाषा ऐकल्याने भाषादोष होत नाही. खरा दोष असला तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. म्हणजे तपासणाऱ्याला त्या भाषांची जाण हवी. ‘चाक’ म्हणताना मराठी मूल जीभ दातांकडे नेते, ते योग्यच. ‘चार’मधला च वेगळा. हिंदी कानाला पहिला च बोबडा वाटू शकतो. छत्तीसगढी मुलाने ‘शहर’चे ‘सहर’ केले तर ती बोली आहे, व्याधी नव्हे. दुसऱ्या टोकाला, ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ म्हणून कमी ऐकू येणाऱ्या मुलाची महत्त्वाची वर्षे निघून जातात. वस्तीची बोली ओळखणारी शिक्षिकाच पुढे वाचा-उपचारतज्ज्ञ झाली तर दोन्ही चुका टळण्याची शक्यता वाढते. आम्हाला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मग अडते कुठे? भारतात हा व्यवसाय 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत आहे. नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीसाठी रीतसर पात्रता लागते: बारावी विज्ञानानंतर इंटर्नशिपसह चार वर्षांची बी.ए.एस.एल.पी. पदवी. तिच्यापुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत किंवा मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत हे शिक्षण मिळते, पण पूर्णवेळ. शाळेत आधीच काम करणाऱ्या पदवीधर थेरपिस्टला दोन वर्षे पगार आणि घर सोडावे लागते. कला शाखेतून आलेल्या शिक्षिकेला तर दारच बंद. तिला मुक्त विद्यापीठातून विशेष शिक्षणातले बी.एड. करण्याचा मार्ग असू शकतो, पण त्याने ती विशेष शिक्षिका होते, थेरपिस्ट नव्हे. शाळांच्या जाहिराती हा फरक सर्रास विसरतात.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथे 1975 च्या कायद्याने अपंग मुलांना लागणाऱ्या सेवा शाळेवर बंधनकारक झाल्या. त्यामुळे शाळा या तज्ज्ञांना काम देणारी मोठी जागा झाली आणि शाळेत सहायक म्हणून काम करत संध्याकाळच्या ऑनलाइन वर्गांतून एम.एस. करणाऱ्यांसाठी विद्यापीठांनी अभ्यासक्रम काढले. दुसऱ्या विषयात पदवी घेतलेल्यांना आधी पायाभूत विषय पुरे करता येतात. मात्र 400 तासांचा क्लिनिकल अनुभव चुकत नाही. त्यातले 25 तास निरीक्षणाचे, बाकीचे 375 प्रत्यक्ष कामाचे. हे काम बहुधा बिनपगारी असते, म्हणून शेवटच्या सत्रात नोकरी सोडावी लागणारे तिथेही पुष्कळ. परदेशातल्या सोयीबद्दल बोलताना ही बाजू सहसा गाळली जाते.

आपल्याकडे याचा पाया अगदीच नाही असे नाही. म्हैसूरच्या संस्थेने 2007-08 च्या सुमारास एक पदविका अर्ध-दूरस्थ पद्धतीने सुरू केली: व्याख्याने म्हैसूरहून थेट व्हिडिओवर, प्रात्यक्षिके त्या त्या गावच्या वैद्यकीय संस्थेत. जबलपूर आणि इंफाळसारख्या ठिकाणी ती पोचली. पदव्युत्तर अभ्यासाचा सिद्धान्तभाग असाच देता येईल. हात तयार होण्याचे काम पडद्यावर होत नाही, हा परिषदेचा आक्षेप असल्यास तो रास्तच म्हणावा लागेल; गिळण्याच्या तक्रारी किंवा लकव्यानंतर गेलेली वाचा शाळेत शिकायला मिळत नाही, त्यासाठी रुग्णालयच हवे. रायपुरात एम्स आहे आणि आंबेडकर रुग्णालयही. उन्हाळी सुट्टीतले आठवडे आणि सहा महिन्यांची पगारी रजा जोडली, तर शिकाऊ थेरपिस्टला तिथे, अनुभवी माणसाच्या नजरेखाली, तास पुरे करता येतील. शाळेतले तास मोजायचे असतील तर तेही नोंदणीकृत तज्ज्ञाच्या देखरेखीखालचेच मोजावेत. रजेच्या काळातील बदलीचा खर्च सरकारी शाळेत शासनाने उचलावा. खासगी संस्थांपैकी 1935 पासून चालणाऱ्या रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाची स्वतःची शाळा आहे. एका शिक्षिकेची फी भरणे अशा संस्थांच्या आवाक्यातले आहे.

यापेक्षा अवघड गोष्ट पदांची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांत वाचा व भाषादोष धरला. एन.सी.ई.आर.टी.च्या ‘प्रशस्त’ यादीवरून शिक्षक अडचण असलेली मुले शोधूही लागले. विशेष शिक्षकांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक असे प्रमाण लावले. वाचा-उपचारतज्ज्ञासाठी असे प्रमाण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा केंद्रावर असा तज्ज्ञ अपेक्षित आहे, पण आठवड्यातून दोनदा मजुरी बुडवून मुलाला तिथे नेणे आईला किती महिने जमेल? पाच-सहा शाळांच्या संकुलाला एक पद आणि त्याला पदवीनुसार वेतनश्रेणी, इतके आदेशात आधी आले पाहिजे. ते न करता रजा आणि फी दिली, तर एम.एस्सी. झालेली शिक्षिका वर्षभरात खासगी क्लिनिकमध्ये जाईल, आणि तिला त्याचा दोष देता येणार नाही.