तर्रीतील रसायनशास्त्र

रश्श्यावर तरंगणारी लाल तर्री आपल्या ओळखीची आहे. मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात मात्र चटकन उतरतो. मीठ पाण्यातच राहते. मिसळलेले पदार्थ वेगळे करण्याची हीच युक्ती धातूंसाठीही वापरतात. धातू आम्लात विरघळवायचा, त्यात पाण्याशी न मिसळणारा दुसरा द्रव घालून घुसळायचे, की हवा तो धातू वरच्या थरात येतो. प्रश्न असतो तो हा दुसरा द्रव, म्हणजे द्रावक, कोणता निवडायचा!

युरेनियमचेच उदाहरण घ्या. १९४२ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे ते शुद्ध करण्यासाठी ईथर वापरले गेले. पूर्वी शस्त्रक्रियेआधी भूल देण्यासाठी वापरत, तेच हे ईथर. काम चोख झाले. पण ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळते आणि त्याची वाफ एका ठिणगीने पेटते.

पुढे अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढण्याची गरज निर्माण झाली. त्यासाठी १९५२ मध्ये हॅनफर्ड येथे हेक्झोन नावाचे द्रावक आले. मात्र धातू त्यात उतरावा म्हणून पाण्यात भरपूर अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट घालावे लागे. धातू निघून गेला तरी हा क्षार किरणोत्सारी सांडपाण्यातच राही आणि सांभाळायचा कचरा वाढे.

यावर तोडगा निघाला ट्रायब्युटिल फॉस्फेटचा. हा दाटसर द्रव केरोसीनसारख्या तेलात पातळ करून वापरतात. त्याला वेगळा क्षार लागत नाही, नायट्रिक आम्लच पुरते. शिवाय ते आम्ल ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरता येते. १९५४ मध्ये अमेरिकेतील सव्हाना रिव्हर येथे ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. दहा वर्षांतच, १९६४ मध्ये, होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत ट्रॉम्बे येथे उभारलेल्या प्लुटोनियम प्रकल्पानेही तीच स्वीकारली.

अर्थात हे द्रावकही निर्धोक नाही. एप्रिल १९९३ मध्ये रशियातील टॉम्स्क-७ येथे तीव्र नायट्रिक आम्लाशी त्याची प्रक्रिया होऊन टाकी फुटली आणि किरणोत्सारी द्रव्य बाहेर पसरले.

म्हणूनच द्रावक निवडताना ते धातू किती ओढून घेते यापुरतेच पाहून चालत नाही. ते पेटते का आणि मागे काय ठेवते, हेही पाहावे लागते. तर्री काढल्यावर खाली उरलेला रस्सा आपण आवडीने ओरपतो. इथे खाली जे उरते, ते हजारो वर्षे सांभाळावे लागते!