ग्लॉसी की मॅट?

पालकहो, बारावीनंतर लॅपटॉप घ्यायला गेलात की दुकानातली चकचकीत ग्लॉसी स्क्रीन मुलांना हमखास भुरळ घालते. रंग गडद दिसतात, हे मान्य. पण वसतिगृहात डोक्यावर ट्यूबलाइट आणि पाठीशी खिडकी. मग पडद्यावर धड्याऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो! मॅट स्क्रीनचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असल्याने प्रकाश विखुरतो, आरसा होत नाही. रंग जरा फिके दिसतात, चालेल. तासन्‌तास वाचायचे आहे. चित्रकला, फोटोग्राफी शिकणाऱ्यांचे वेगळे.

मुलीच्या हट्टाखातर मी ग्लॉसी घेतला. ती भरदुपारी खिडक्या लावून अभ्यासाला बसायची. हप्ते फिटेपर्यंत बदलणेही शक्य नव्हते. तेव्हा दुकानात लॅपटॉप आधी बंद करा, दाराकडे वळवा आणि पडद्यात काय दिसते ते पाहा.