रंगाऱ्यांचे पाणी
सदर : देशोदेशीच्या पेठा

पश्चिम तुर्कस्तानातील देनिझली इलाख्यात जाणारा प्रवासी बहुधा पामुक्कलेच्या शुभ्र सोपानांवर घोटाभर पाण्यात दोन घटका चालतो, सूर्यास्ताचे छायाचित्र घेतो आणि रात्रीच्या मोटारीने पुढील मुक्कामास निघून जातो. ज्या पाण्याने ही शोभा निर्माण केली, त्याच पाण्यावर या खोऱ्यातील रंगाऱ्यांचा प्रपंच चालत असे, ही वार्ता त्याच्या कानीही पडत नाही.

सुमारे 35 अंश उष्णतेचे हे झरे भूगर्भातून विरघळलेला चुना घेऊन येतात आणि उघड्यावर कर्बाम्ल वायू निसटून जाताच तो चुना प्रथम लिबलिबीत व पुढे पाषाणरूप होऊन बसतो. वरच्या पठारावर वसलेल्या हिएरापोलिस नगराचे रहिवासी हे पाणी पाटांनी मळ्यांभोवती खेळवीत आणि वर्षभरात त्यांना दगडी कुंपण आयते लाभे, असे व्हिट्रुव्हिअस या रोमन स्थापत्यकाराने नमूद केले आहे. भूगोलकार स्ट्राबोचा दाखला याहून मोलाचा : येथील पाण्यात वनस्पतींच्या मुळांनी रंगविलेली लोकर किरमिजाच्या व सागरी शिंपल्यांच्या जांभळ्या रंगाशी स्पर्धा करी. ती मुळे मंजिष्ठेची असावीत, असे विद्वान मानतात. आणि मंजिष्ठेचा रंग चुन्याच्या पाण्यात खुलतो हे ज्यास ठाऊक आहे, त्यास या दाखल्याचे नवल वाटणार नाही.

या व्यवसायाचे खरे दप्तर नगराच्या स्मशानभूमीत आहे. फ्लेविअस झ्यूक्सिस नामक असामीने आपल्या समाधीवर, मालेआच्या भूशिराला वळसा घालून आपण इटलीस 72 वेळा जलप्रवास केला, एवढीच फुशारकी कोरून ठेविली आहे. देवादिकांची स्तुती तेथे नाही, आणि त्यामुळेच हा मनुष्य मला फार आवडतो. ग्लायकॉन नामक दुसऱ्या गृहस्थाने जांभळ्या रंगाऱ्यांच्या संघाकडे 200 देनारी व गालिचे विणणाऱ्यांच्या संघाकडे 150 देनारी ठेव देऊन, व्याजातून सणासुदीस आपल्या थडग्यावर माळा चढवाव्यात, अशी तजवीज करून ठेविली. ते सण यहुद्यांचे आहेत आणि त्यांसोबत रोमन पंचांगाचाही एक दिवस आहे. कारागिरांच्या संघावर मृत्यूनंतरचा बंदोबस्त सोपवावा, इतकी त्या संघांची पत होती, हे राजांच्या विजयस्तंभांवरून कधीच कळले नसते.

विसाव्या शतकात मात्र या सोपानांच्या माथ्यावरच हॉटेले उठली आणि उतारावरून मोटारींची वहिवाट पडली. 1988 साली जागतिक वारसा म्हणून नोंद झाल्यावर पुढे ती हॉटेले पाडण्यात आली. आता पाण्यात उतरण्यापूर्वी पादत्राणे काढण्याचा हुकूम आहे आणि पाणी आळीपाळीने निरनिराळ्या भागांत सोडले जाते. कोरडे टप्पे पाहून कित्येकांचा हिरमोड होतो. परंतु पाण्याची ही पाळी नसती, तर शेवाळाने तो शुभ्रपणा केव्हाच झाकोळला असता, म्हणून माझे मत प्रवाशाच्या सोयीपेक्षा या हुकमाच्याच बाजूला पडते.

पामुक्कलेस एक दिवस देणाऱ्याने दुसरा याच इलाख्यातील बुलदान गावाला द्यावा. देनिझलीचे टॉवेल परदेशी पेठांत ठाऊक आहेत, पण बुलदानचे सुती कापड पाहावे ते त्या गावीच. त्याचे सूत इतके पीळदार असते की, धुतल्यावर कापड आपोआप चुणते. इस्त्रीच्या घडीची सवय असलेले गिऱ्हाईक ते पाहून क्षणभर नाक मुरडते; परंतु त्या चुणींमुळेच कापड अंगास चिकटत नाही आणि परिटाचा खर्चही वाचतो.

— पांथस्थ