सातवी संपताना मुलाला मराठी किती यायला हवी?

शाळा सुरू झाल्या की सीमाभागातील मराठी शाळांची चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. पट किती, शिक्षक किती, कोणत्या गावची शाळा शेजारच्या शाळेत जोडणार, पुस्तके आली की नाही. हे प्रश्न खरे आहेत आणि आमच्या समितीच्या बैठकांचा बहुतेक वेळ त्यांतच जातो. मात्र पाचवी, सहावी, सातवी या तीन वर्षांत मुलाला नेमकी किती मराठी यावी, हा प्रश्न बैठकीत क्वचितच निघतो. आम्ही काही शिक्षकांनी आणि सदस्यांनी यंदा तोच धरून बसायचे ठरवले आहे.

राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. या सोयीसाठी सीमाभाग झगडला, आजही झगडतो आहे. सोय झाल्यावर वर्गात काय घडावे, हे मात्र कलमात लिहिलेले नाही. एन.सी.ई.आर.टी.ने २०१७ साली इयत्तावार अध्ययन निष्पत्ती काढल्या; त्यांत भाषा म्हणून हिंदी, इंग्रजी आणि उर्दू आहेत. महाराष्ट्रात बालभारतीच्या मराठी पुस्तकांत सुरुवातीलाच निष्पत्ती छापलेल्या असतात, पण त्या आमच्या मुलांचा विचार करून लिहिलेल्या नाहीत. आमची मुले कर्नाटकाची मराठी माध्यमाची पुस्तके वापरतात, देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या एकाच दप्तरात वागवतात, आणि बाजारात गेली की दोन भाषांत भाव करतात. त्यांच्यासाठी उद्दिष्टे आपणच लिहायला हवीत.

पहिली गोष्ट वाचनाची, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. चौथीपर्यंत मूल वाचायला शिकते. पाचवीपासून त्याला वाचून शिकायचे असते. इतिहास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणे, सगळे मराठी वाचनावरच उभे असते. ग्रामीण भागात होणाऱ्या 'असर' पाहणीत मुलापुढे अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात. देशातल्या पाचवीच्या मुलांपैकी ही गोष्ट वाचू शकणारी २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, २०२२ मध्ये ४२.८ आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्के. आणि ही दुसरीचीच पायरी झाली. पाचवीच्या मुलाने याच दैनिकातली शंभर शब्दांची बातमी मनात वाचावी, कागद उलटा ठेवावा आणि कोणी, कुठे, केव्हा, कशामुळे हे आपल्या शब्दांत सांगावे, एवढी आमची अपेक्षा आहे. सातवीत त्याने आणखी एक सांगावे: बातमी देणाऱ्याने कोणती गोष्ट सांगितली नाही? गाईडमधली उत्तरे पाठ करून यातले काहीच जमत नाही. म्हणूनच उतारा न शिकवलेला हवा.

एक शिक्षक तीन वर्ग सांभाळतो तिथे हे कसे व्हावे, असे कोणी विचारील. उलट तिथेच हे सोपे आहे. पाचवीला गणित चालले असताना सातवी पंधरा मिनिटे गुमान वाचत बसू शकते. पुस्तके मात्र हवीत. ज्या गावांत सार्वजनिक वाचनालय आहे तिथे मुलांच्या उंचीचे एक कपाट खाली आणायला कोणत्याही सरकारी आदेशाची गरज नाही.

दुसरी गोष्ट बोलीची. आमच्या गावातले मूल 'काय करूलाईस?' असे विचारते आणि मुलगीसुद्धा 'मी आलो' म्हणते. पहिल्याच दिवशी 'ही कसली मराठी?' असे गुरुजींनी म्हटले, की ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही. ज्या भाषेसाठी आपण मोर्चे काढतो, तिच्याच बोलीला वर्गात हसणे आम्हाला पटत नाही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे घरचे वाक्य, उजवीकडे पुस्तकातले. सहावीपर्यंत मुलाला दोन्हींतला फरक स्वतः दाखवता यावा. कन्नड शेजारामुळे काही मुले 'तो पुस्तक' म्हणतात. त्याचे कारणही सांगावे, की कन्नडात निर्जीव वस्तूंना एकच लिंग पुरते, मराठीत मात्र पाटी ती, खडू तो आणि पुस्तक ते. कारण कळले की चूक लवकर सुटते, असा आमचा अनुभव आहे. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द कन्नडातूनच आपल्याकडे आले, हेही मुलांना कळू द्यावे.

शुद्धलेखनाचे थोडक्यात. सातवीपर्यंत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिता यावा, 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत गोंधळ होऊ नये, पूर्णविराम जागेवर पडावा. तेवढे पुरे. लाल शाईने भरलेले पान पाहून कोणीही लिहिते झालेले नाही.

आता जो मुद्दा आमच्यातल्याच काहींना रुचणार नाही, तो. सातवीच्या मुलाने ग्रामपंचायतीच्या फलकावरची दहा ओळींची कन्नड सूचना वाचून तिचा अर्थ घरी आजीला मराठीत सांगावा, तारीख आणि रक्कम न गाळता. हे उद्दिष्ट आम्ही मराठीच्या यादीत घालतो आहोत. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिलीपासून सक्तीची झाली. त्या सक्तीविषयी आमचे मत काय आहे ते वाचकांना ठाऊक आहे. पण जमिनीचा उतारा कन्नडात येतो, नोटीस कन्नडात येते, आणि ती समजली नाही तर हरकतीची मुदत निघून जाते. मराठीत कागद मिळावेत ही मागणी चालू ठेवूनही मुलाला आज आलेला कागद वाचता आला पाहिजे. शिवाय भाषांतर करताना मुलाला वारस, थकबाकी, हरकत, दाखला असे मराठी शब्द शोधावे लागतात. ते त्याला धड्यात सहसा भेटत नाहीत. आपला 'अर्ज' तिकडे 'अर्जी' आहे, 'बाकी' आणि 'खाते' दोन्हीकडे आहेत, हे पाहून मुलांना गंमतही वाटते. त्याला जोडूनच लेखन येते: आजीच्या वतीने पंचायतीला आठ-दहा ओळींचा मराठी अर्ज, मायना, विषय आणि सहीसकट.

बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, 'आधी शाळा वाचू दे, उद्दिष्टे कसली?' प्रश्न रास्त आहे. पण शाळेचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, राज्य मातृभाषेचे माध्यम लादू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच प्रकरणात दिला. तेव्हा निवड करणार बाप, आणि तो निवड करतो मुलाची वही पाहून. सातवीचा मुलगा अर्ज लिहू शकत नाही असे ज्याला दिसते, तो धाकट्याला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. त्याला आमचे भाषण ऐकवून काय उपयोग?

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक मराठी शाळेत एक साधी तपासणी व्हावी, असे आम्ही सुचवतो. न शिकवलेली एक बातमी, पाच ओळींचे लेखन, एक कन्नड सूचना. गुण कोणत्याही कार्यालयाला पाठवायचे नाहीत; ते शिक्षक आणि पालक यांच्यातच राहावेत. उद्दिष्टांचा कच्चा मसुदा तयार आहे. तो शाळेतून मागून घ्यावा, वाचावा, आणि आपल्या गावच्या बोलीतली दहा वाक्ये समासात लिहून परत द्यावा.